बागेतल्या मंडळींचा सत्कार कसा करायचा? (आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०१, सेक्रेटरी (स. ९.१०)
नमस्कार मंडळी 🙏 काल कमिटीची बैठक झाली. आपल्या सोसायटीतले तिघे, म्हणजे बी-२०४ च्या ताई, सी-१०२ चे काका आणि डी-३०१ ची कॉलेजला जाणारी मुलगी, गेली काही वर्षं दर रविवारी पहाटे भुईकोट किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेत झाडांची निगा राखायला जातात. सोलापुरातले आणखी दहा-बारा जण तिथे त्यांच्यासोबत असतात. या सगळ्यांचा २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार करावा असं ठरतंय. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. शिवाय त्यांच्याच हस्ते किल्ल्यात ५१ झाडं लावायची. सूचना असतील तर आजच कळवा, ऑर्डर द्यायची आहे.

डी-४०१, अण्णा (स. ९.१४)
लई चांगलं काम केलं कमिटीनं. हे आधीच व्हायला पाहिजे होतं.

बी-१०३, अक्का (स. ९.२०)
होय की. काकांना मी गुडघ्यावर बसून गवत काढताना बघितलंय. या वयात. मला तर भरून आलं.

बी-४०२, खजिनदार (स. ९.३१)
पंधरा शाली, पंधरा सन्मानचिन्हं, ५१ रोपं आणि टेम्पो. अंदाज काढून दुपारी टाकतो.

ए-३०३ (स. ९.४८)
५१ रोपं मी स्पॉन्सर करतो 👍

बी-२०४, ताई (स. १०.०२)
सेक्रेटरीसाहेब, रोपांची ऑर्डर एवढ्यात देऊ नका, प्लीज. शाळेत आहे, दुपारी सविस्तर लिहिते.

बी-२०४, ताई (दु. २.३५)
सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीला आमची आठवण झाली याचा खरंच आनंद वाटला. तरी मोकळेपणानं लिहिते, राग मानू नका.

किल्ल्यात झाडं लावायला नकोत. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित हद्दीत परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही, मग ते रोपाच्या खड्ड्याचं का असेना. हा नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. जुन्या किल्ल्यात मातीच्या पोटात काय आहे हे वरून कळत नाही, पहार कशावर बसेल सांगता येत नाही. आणि जानेवारीत लावलेलं रोप आपल्या सोलापुरात मृगापर्यंत जगवायचं म्हणजे सगळा उन्हाळा पाणी घालायचं. आपल्याच नळाला रोज पाणी येत नाही. मागे एका कार्यक्रमात लावलेली रोपं मी मे महिन्यात बघितली होती. काठ्या उभ्या होत्या, आळी कोरडी ठाक होती आणि रोपांचं नावही नव्हतं. ते पुन्हा माझ्याच्यानं बघवणार नाही.

आम्ही तिथे काय करतो हे बऱ्याच जणांना माहीत नसेल, म्हणून सांगते. नवीन काही लावायला आम्ही जातच नाही. आहे ते राखतो. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट काढायचं, कारण एकदा फुललं की एका झाडाचं हजारो बी पडतं. हातमोजे घालूनच काढायचं, नाहीतर अंगाला खाज सुटते. जुन्या झाडांच्या बुंध्याशी माती दबून दगडासारखी झालेली असते, ती खुरप्यानं हलक्या हातानं मोकळी करायची. पडलेला पाला जाळू द्यायचा नाही, तोच झाडाखाली पसरायचा, म्हणजे ओल टिकते. खोडाला ठोकलेले पाट्यांचे खिळे पक्कडीनं काढायचे. पुण्यात खिळेमुक्त झाडांची मोहीम निघाली होती, त्यावरून डी-३०१ च्या मुलीनं हे आमच्यात आणलं. आता खिळे ठेवायला तिच्याकडे एक बरणी आहे.

आणि तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तटाच्या दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवला होता, हातभर उंचीचा. नव्यानं आलेल्या दोन मुलांनी उत्साहानं उपटायला हात घातला. काकांनी लांबूनच ओरडून थांबवलं. पाखरांच्या विष्ठेतून बी पडतं, मूळ सांध्यात शिरतं आणि जाड होत जातं. ओढलं की मुळासोबत चुना आणि दगड बाहेर येतो. वरून नुसतं छाटलं तर फुटवा येतो आणि मूळ आत आणखी बळावतं. ते काम त्या खात्याच्या माणसांनी, त्यांच्या पद्धतीनंच करायला हवं. काकांनी फोटो काढला, बुरुजापासून अंतर पावलांनी मोजलं आणि अर्ज लिहून दिला. पुढे पाठपुरावाही त्यांनीच केला. त्या दिवशी आम्ही त्या भिंतीला बोटही लावलं नाही. माझ्या मते आमच्या गटाकडून झालेलं सगळ्यात मोठं काम तेच. त्याची आठवण सन्मानचिन्हावर काय लिहून ठेवणार?

सी-३०२, सर (दु. २.५८)
ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी इतिहास शिकवायचो तेव्हा मुलांना वास्तू दाखवल्या, बाग कधी दाखवली नाही, याची आज खंत वाटते. ऐतिहासिक बागांसाठी १९८१ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एक सनद तयार झाली. तिच्यात अशा बागेला ‘जिवंत स्मारक’ म्हटलंय. दगडी देवळाला आज हात लावला नाही तर ते उद्याही तसंच दिसेल, बाग एका मोसमात हातातून जाते. त्यामुळे सततची निगा हेच तिचं जतन, असा त्या सनदेचा भर आहे. मेलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीचं झाड लावावं, असंही त्यात आहे.

आपल्या किल्ल्याला तर केवढा इतिहास! बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. निजामशाहीतल्या चांदबिबीचं लग्न आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिलं होतं. त्यावरून पुढे दोन्ही शाह्या किती वर्षं भांडल्या! एका बाजूला सिद्धेश्वराचा तलाव, शेजारी होम मैदान आणि लगत हुतात्म्यांच्या नावाची बाग. इतकं सगळं एका फेरीत पायाखालून जातं.

डी-४०१, अण्णा (दु. ३.१०)
सर, त्या बागेत माझं लहानपण गेलं. वडील मिलमध्ये होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि झोपायच्या आधी आम्हा भावंडांना घेऊन तिकडं जायचे. स्वतः झाडाखाली आडवे व्हायचे, आम्ही खेळायचो. भोंगा झाला की उठायचे. आता मिल नाही, भोंगा नाही, वडील नाहीत. सावली आहे अजून. ताई, तुम्ही लोकांनी ती राखली. मला हे इतके दिवस माहीतच नव्हतं.

बी-१०३, अक्का (दु. ३.१२)
🙏🙏

ए-३०३ (दु. ३.४०)
ताई, माझी सूचना मागे घेतो, मला हे नियम ठाऊक नव्हते. मी मुंबईत नोकरीला होतो तेव्हा भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचो, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ ची बाग, ५० एकरांहून मोठी. २००७ च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा मोठा कायापालट करायचा बेत होता. वनस्पती उद्यान वाचावं म्हणून काही नागरिक उभे राहिले, त्यात बायका पुष्कळ. एकेक झाड ओळखलं, नोंदवलं, लोकांना बागेत फिरवून उर्वशी आणि गोरखचिंच ही झाडं दाखवली. अशाच एका फेरीला मी गेलो होतो. फुललेली उर्वशी तिथे पहिल्यांदा पाहिली. त्याआधी दोन वर्षं त्याच झाडाखालून जात होतो.

डी-२०२ (दु. ४.०५)
माझी मुलगी इंग्लंडला असते. तिला आत्ता ही चर्चा वाचून दाखवली. तिथे हे काम फार जुनं आहे म्हणाली. बागांच्या इतिहासाची एक संस्था १९६५ मध्ये निघाली, ती २०१५ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत मिळून ‘गार्डन्स ट्रस्ट’ झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत तिच्याशी जोडलेले स्वतंत्र ट्रस्ट आहेत आणि ते बहुतेक स्वयंसेवकांवरच चालतात. जुन्या नकाशांवरून बाग पूर्वी कशी होती ते शोधायचं, लिहून काढायचं, शेजारी बांधकामाचा अर्ज आला तर मत कळवायचं. यादीतल्या ऐतिहासिक बागांबद्दल त्या ट्रस्टचं मत विचारावंच लागतं. अशा स्वयंसेवकांसाठी ते दरवर्षी एक पुरस्कारही देतात. मुलगी म्हणाली, तिच्या भागातल्या ज्या बाई हे काम करतात त्या सगळा वेळ लायब्ररीत बसतात, त्यांच्या हाताला माती लागतच नाही.

सी-३०२, सर (दु. ४.१६)
नोंदींचं मोल आपल्याकडेही आहेच. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलंय. तसं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. पण झाडाचं वय सांगायला कोणाकडे तरी काही लिहिलेलं हवं ना?

बी-२०४, ताई (दु. ४.३०)
सर, तेच सांगायचं राहिलं होतं. काकांची वही!

काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून एक वही ठेवतात. हिशेबाची लांब वही, लाल कापडी बांधणीची. बागेतल्या प्रत्येक जुन्या झाडाला त्यात एक पान. बुंध्याचा घेर, कुठली फांदी कधी मोडली, कडुनिंबाला मोहोर कधी आला, कुठल्या झाडावर कोणत्या पाखराचं घरटं. दुष्काळाच्या वर्षी कोणत्या झाडानं पानं आधी टाकली तेसुद्धा. जुन्या माळ्यांना विचारून झाडांची वयं लिहिली आहेत आणि कोणी सांगितलं तेही पुढे लिहिलंय. त्यातले काही माळी आता हयात नाहीत. म्हणजे ती माहिती आता फक्त त्या वहीत उरली आहे.

अजून एक. बागेबाहेर चहाची गाडी लावणाऱ्या मावशी आमची खुरपी, घमेली, झारी सगळं स्वतःच्या घरी ठेवतात. रविवारी साडेसहाला सगळं बाहेर काढून ठेवलेलं असतं. एकदाही चुकलं नाही. त्यांचं नाव यादीत नसेल तर मी सत्काराला बसणार नाही, हे आत्ताच सांगते.

ए-१०१, सेक्रेटरी (दु. ४.४१)
ताई, मावशींचं नाव यादीत पहिलं. कमिटीकडून चूक झाली, माफ करा. मग सत्कार कसा करायचा ते तुम्हीच सांगा.

बी-४०२, खजिनदार (दु. ४.५०)
अंदाज तयार होता, पण आता बदलावा लागेल असं दिसतंय. ताई, गटाला काय काय लागतं? यादी द्या. तेवढ्याच रकमेत बसवतो.

बी-२०४, ताई (सायं. ५.१५)
जाड हातमोज्यांचे वीस जोड. दोन चांगल्या कात्र्या, फांद्या छाटायच्या, कारण सध्याच्या बोथट आहेत आणि बोथट कात्रीनं साल फाटते. मावशींच्या घरी पत्र्याची पेटी, सामान पावसात भिजतं. एवढंच. शाली नकोत, पण मावशींना मात्र एक द्या. पहाटे गाडी लावताना त्या थंडीत काकडत असतात.

आणि २६ ऐवजी १२ जानेवारी धरता येईल का?

सी-३०२, सर (सायं. ५.२२)
मीही तेच म्हणणार होतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. त्याआधी मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी दोन-तीन दिवस इंग्रजांची सत्ता गावात चालू दिली नव्हती. मग १२ मे ते ३० जून मार्शल लॉ. ज्यांच्या नावानं ही बाग आहे त्यांच्या दिवशी, त्याच बागेत, हात मातीत घालूनच व्हावं सगळं.

ए-१०१, सेक्रेटरी (सायं. ५.३०)
पण सर, त्याच सुमारास गड्डा, सिद्धेश्वराची यात्रा. होम मैदानाकडे गाडी लावायला जागा मिळणार नाही, घरोघरी पाहुणे. वार कोणता येतो तेही बघायला हवं, नोकरीवाल्यांची पंचाईत होईल.

बी-२०४, ताई (सायं. ५.३८)
साडेसहा ते आठ. आठला सगळे मोकळे. गड्ड्याच्या गर्दीतच आमची गरज जास्त असते. लोक दमून बागेच्या कडेला टेकतात, पत्रावळी आणि प्लॅस्टिक झाडांच्या आळ्यात पडतं. नंदीध्वज आणि अक्षता सोहळा बघायला लांबलांबून माणसं येतात, त्यांना बाग स्वच्छ दिसली पाहिजे असं मला दरवर्षी वाटतं. पंधरा माणसं जास्त आली तर आम्हाला केवढा आधार होईल!

डी-४०१, अण्णा (सायं. ५.४४)
मी येणार. कंबर वाकत नाही माझी, पण पोतं धरून उभा राहीन.

बी-१०३, अक्का (सायं. ५.५०)
कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही माझ्याकडून. तीस माणसांचं धरू का? भोगीच्या आदल्या दिवशी घरात काम असतं, पण सुनेला सांगितलंय.

ए-३०३ (सायं. ५.५५)
रोपांचे जे पैसे द्यायचे ठरवले होते ते पत्र्याच्या पेटीला घ्या.

ए-१०१, सेक्रेटरी (सायं. ६.१०)
ठरलं तर. १२ जानेवारी, सकाळी साडेसहा, हुतात्मा बाग. २६ ला फक्त नेहमीचं झेंडावंदन. काका ग्रुपवर फारसं बघत नाहीत. ताई, त्यांच्या कानावर घालाल का?

बी-२०४, ताई (रात्री ८.२०)
आत्ताच काकांकडे जाऊन आले. आधी नाहीच म्हणाले. मग काकूंनी समजावलं. आता येतो म्हणतात, पण एक मागणं आहे त्यांचं. वहीच्या सुरुवातीच्या पानांची शाई उडत चालली आहे आणि त्यांना स्वतःलाही आता बारीक अक्षर दिसत नाही. कोणीतरी शेजारी बसून ती पानं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावीत. वही घराबाहेर द्यायला ते तयार नाहीत, त्यांच्या टेबलावरच बसून करावं लागेल. एकूण १४० पानं आहेत.

डी-३०१ (रात्री ८.२६)
ताई, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. परीक्षा २२ तारखेला संपते. रोज संध्याकाळी येऊ. आजोबांना विचाराल का, ६ ची वेळ चालेल?

सी-१०२ (रात्री ८.५१)
मी सी-१०२ मधून काकू लिहितेय, यांच्या मोबाइलवरून. ६ चालेल असं सांगायला सांगितलंय. आणि चष्मा असणाऱ्यांनी चष्मा आणा म्हणालेत, पहिल्या वीस पानांचं अक्षर फार बारीक आहे.