मदत हवी आहे: शनिवारी भीमाशंकर, शिडी घाट पावसात होतो का?

डोंबिवलीचा_वाटसरू
येत्या शनिवारी भीमाशंकरला चालत जायचं ठरलंय. शिडी घाट, म्हणजे कड्याला लावलेल्या शिड्यांवरून चढणारी वाट, सध्या होतो का? एक मित्र म्हणतो आरामात होतो, दुसरा म्हणतो जिवाशी खेळ आहे. आज रात्री सगळ्यांना निघायची वेळ कळवायची आहे, तेव्हा लवकर सांगा. आंतरजालावरचं सगळं वाचून झालंय.

घाटवाटा
किती जण आहात? वयं काय? आधी पावसात कुठे चढलात? एवढं तरी लिहा हो.

कातळकडा
होतो. मी चार वेळा गेलोय, त्यातले तीन भर पावसात. पायथ्याच्या खांडस गावातून सकाळी सातला सुटा, तीन-चार तासांत माथा. दुसरी वाट गणेश घाटाची, तिला पाच-सहा तास जातात, उगाच वळसा. सोबत दोर ठेवा, झालं.

घाटवाटा
"दोर ठेवा, झालं" असं नवख्याला सांगू नका. तो दोर वर बांधणार कोण? शिडी संपली की हात थेट ओल्या कातळावर जातो आणि शेवाळ साबणासारखं लागतं. त्यात श्रावणातला शनिवार. वरचा माणूस अडला की खालच्याने शिडीवरच लटकून राहायचं, डोक्यावर पाणी पडत असतं. मी तिथे वीस मिनिटं तसा उभा होतो. पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या.

रानफूल
मुक्काम करणार असाल तर रात्री जंगलात चमकणारी बुरशी बघायला विसरू नका. ओल्या, कुजलेल्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. विजेऱ्या बंद करून पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मग डोळ्यांना दिसायला लागतं. सोबत वनखात्याची परवानगी असलेला माहीतगार हवाच, अभयारण्य आहे ते. दिवसा शेकरू दिसलं तर नशीब.

डोंबिवलीचा_वाटसरू
मुक्काम नाही. पाच जण आहोत. मी, बहीण, ऑफिसातले दोघे आणि बाबा. बाबांचं वय 63. ते तरुणपणी दर श्रावणात शिडीनेच जायचे, म्हणून शिडी म्हणतायत.

घाटवाटा
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! गुडघे कसे आहेत त्यांचे?

डोंबिवलीचा_वाटसरू
चढताना काही नाही. उतरताना डावा गुडघा दुखतो. स्टेशनचा जिना कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात.

पुण्याची_पेठ
मग एवढा अट्टाहास कशाला? मंचरमार्गे गाडीने न्या. दर्शनही होईल, शनिमंदिराजवळची मोठी घंटाही दाखवा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक.

डोंबिवलीचा_वाटसरू
गाडीने आई असताना तीनदा गेलोय. बाबांना चालत जायचं आहे. मला त्यांना न्यायचंच आहे, कसं ते सांगा.

कातळकडा
63 काही फार नाही. माझे काका 68व्या वर्षी शिडी चढले.

घाटवाटा
ते चढले असतील. माणूस घसरतो तो ओल्यात आणि थकल्यावर. पावसात त्यांना शिडी नकोच, तो विषय संपवा. गणेश घाटाने जा. खांडसच्या पुढे पुलापाशी वाटा फुटतात, तिथे गावातल्या माणसाला विचारूनच वळा. वाट लांब आहे पण पायाला सोसेल अशी. मधे गणपतीचं देऊळ लागतं, तिथे थांबा. दोन्ही वाटा मधल्या पदरवाडी वस्तीपाशी मिळतात. त्यापुढचा झाडीतला चढ खडा आहे, खरा दम तिथे निघतो, तेव्हा त्यांच्यासाठी एक तास हातचा ठेवा. आता मुख्य प्रश्न, परत कसे येणार?

डोंबिवलीचा_वाटसरू
त्याच वाटेने उतरून खांडसला. तिथून टमटम.

घाटवाटा
मग तुम्ही सगळे चढाचं बोलताय आणि दुखणं उताराचं आहे. सहा तास चढून आल्यावर तो गुडघा तेवढंच उतरणार? उतरूच नका. वरून एसटीने राजगुरुनगर, पुणे आणि तिथून रात्रीची गाडी.

पुण्याची_पेठ
श्रावणात एसटीला तुफान गर्दी असते, दोन दोन तास रांग. स्टँडवर आल्या आल्या एकाला रांगेत उभं करा, मग दर्शन. आणि देवळाकडे स्टँडवरून खाली पायऱ्या उतरायच्या आहेत, परत चढायच्या. तिथेही बाबांना आधार द्या.

कातळकडा
पुण्याला जाऊन परत मुंबई म्हणजे रात्रीचे बारा वाजणार.

घाटवाटा
वाजू देत. पायांवर घरी येतील.

भटकभवानी
कर्जतहून पहाटे खांडसला काही मिळतं का? आम्हीही चौघी येतोय, भाडं वाटून घेऊ.

डोंबिवलीचा_वाटसरू
@घाटवाटा, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना आत्ताच विचारलं. शिडी नाही म्हटल्यावर गप्प बसले. मग म्हणाले, एकदा आम्हीही शिडी तुंबली म्हणून गणपतीच्या वाटेने गेलो होतो, तुझी आई होती बरोबर. गणेश घाट ठरला. पहिल्या कर्जत लोकलने येतोय. निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याकडे आणि कर्जत पोलिसांकडे वाट बंद नाही ना हे विचारेन, लाल इशारा असेल तर पुढचा शनिवार.

@भटकभवानी, कशेळेमार्गे टमटम मिळतात, कर्जतला स्टेशनबाहेर भेटू.

पदरवाडीत दुपारी पिठलं-भाकरी मिळते का? आधी सांगावं लागतं का कुणाला?