मदत हवी आहे: कोकणातलं घर, स्लॅब की कौलं? रविवारपर्यंत ठरवायचंय

मुक्ता_पुणे
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. गावाला घर बांधायला घेतलंय, जोतं झालंय, जांभ्या दगडाचे चिरे येऊन पडलेत. पहिल्यापासून डोक्यात होतं की चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत सारवलेली जमीन, सिमेंट जमेल तितकं कमी, पावसाचं पाणी साठवायचं आणि सोलर. आता काँट्रॅक्टर म्हणतो ताई स्लॅब टाका, कौलांचा नाद सोडा, लाकूड परवडणार नाही. नवराही हळूहळू त्याच्याच बाजूने. रविवारी फायनल सांगायचंय नाहीतर तो माणसं दुसऱ्या साईटवर नेणार. तर स्लॅब की कौलं? ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

अनघड
गाव कुठलं? कोकण म्हणजे पालघर ते बांदा.

मातीचा_माणूस
चिरा कशाला घेतलात? साईटवरचीच माती वापरून दाबलेल्या विटा करायच्या, पुद्दुचेरीजवळचे ऑरोव्हिलवाले शिकवतात, साधारण ५ टक्के सिमेंट घालतात आणि भाजायला लागत नाहीत म्हणजे जळण शून्य. मी कोर्स केलाय. तुमच्या मातीत वाळू किती आणि चिकणमाती किती ते बरणीत पाणी घालून बघा आधी.

मुक्ता_पुणे
@मातीचा_माणूस चिरे येऊन पडलेत असं वर लिहिलंय.
@अनघड देवरुखच्या आत, वाडीचं नाव नको इथे.

सह्याद्री_६५
बिनशेती झालंय का? सातबारा कोणाच्या नावावर? गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही, पण रूपांतराचे कागद हातात असल्याशिवाय चिरा लावू नका. शिवाय पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या केंद्राच्या मसुद्यात तुमचं गाव आहे का तेही बघून घ्या.

मुक्ता_पुणे
काका कागद सगळे झालेत. सासऱ्यांच्या नावावर आहे. प्रश्न छपराचा आहे.

कुडाळची_बाय
माकडांचा काय करतलास ता पयला सांगा. आमच्याकडे माकडां कौलांवरना उड्यो मारतत, दरवर्सा कौलां फुटतत आणि मिरगाच्या आधी शाकारूक माणूस गावणा नाय. गावलो तर मागता ती मजुरी ऐकून तुमका स्लॅबच बरो वाटतलो.

रानवाटा
ही माकडांची भीती अति झाली. आमच्या राजापुरातल्या घरावर आजही कौलंच आहेत, मे महिन्यात दुपारी बाराला ओटीवर पंखा लागत नाही. शेजारच्यांनी स्लॅब टाकला, रात्री दहालाही भिंती तापलेल्या. वारा खेळतो ना कौलांमधून. ज्याला गारवा हवा त्याने स्लॅबचं नाव काढू नये.

दापोलीकर_०७
वारा खेळतो खरंय. ३ जून २०२० ला इतका खेळला की आमच्याकडे दापोली-मंडणगड पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आभाळाखाली आल्या. निसर्ग वादळ कोकणाबाहेरचे विसरले असतील, आम्ही नाही. त्यानंतर कौलं मिळेनात, पत्र्याचे भाव चढले. स्लॅबवाल्यांचं जास्तीत जास्त खिडक्यांच्या काचांवर भागलं.

रानवाटा
देवरुख समुद्रापासून किती आत आहे बघा. तिथे दापोलीसारखं होणार नाही.

दापोलीकर_०७
हे वादळाला सांगा.

इतिहासप्रेमी
एक सांगायचं राहतंय. मंगलोरी कौल म्हणजे काही अनादी काळापासूनचं नाही. बासल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला तिथून ती पसरली, त्याआधी आपल्याकडे गवताची शाकारणी नाहीतर नळीची कौलं. आणि भट्टीत भाजतात म्हणजे जळण आलंच. तेव्हा कौल म्हणजे निसर्ग आणि स्लॅब म्हणजे पाप अशी सरळ विभागणी करू नका.

मुक्ता_पुणे
माहिती छान आहे पण माझा रविवार जवळ येतोय 🙏

गच्चीवरचा
सोलर लावणार तर ऑन-ग्रिड (म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) की हायब्रिड? बरेचजण इथे फसतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून ऑन-ग्रिड लावतात आणि मग लाईट गेली की सोलरही बंद, भर उन्हात. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. कोकणात लाईट जाणार हे धरूनच चाला आणि बॅटरीसकट हायब्रिड घ्या. पॅनेलला कौलांपेक्षा स्लॅब सोपा, पण जमिनीवर स्टँड करूनही लागतात, सावली नको फक्त.

अनघड
मूळ गोष्ट कोणी विचारलीच नाही. मुक्ताताई, या घरात पावसाळ्यात कोण राहणार आहे?

सह्याद्री_६५
बायोगॅसचा विचार केलाय का? गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याच्या खतावर काय काम केलंय ते वाचा म्हणजे आजच्या सस्टेनेबलवाल्यांना कळेल. आपण सेप्टिक टँक बांधतो आणि वर पर्यावरणाच्या गप्पा.

मातीचा_माणूस
काका, दोन घनमीटरच्या गॅसला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. पुण्याहून आणणार का?

मुक्ता_पुणे
@अनघड सासू-सासरे नोव्हेंबर ते मे राहतील. पावसात दोघं दिराकडे ठाण्याला. आम्ही सुट्टीत. का?

अनघड
कारण सगळं त्यावरच आहे! जुलैत एक कौल सरकलं आणि बघायला घरात माणूस नसेल तर पाणी छपराच्या लाकडावर, म्हणजे रिपेवर, वाशावर, मग भिंतीत, आणि दिवाळीत दार उघडाल तेव्हा वाळवी भिंतीवर नळ्या करून माळ्यापर्यंत गेलेली असते. कौलारू घर हे नांदतं घर असतं, चूल पेटती असायची, धूर वर जायचा, लाकूड सुकं राहायचं, कोणीतरी रोज वर नजर टाकायचं. सारवलेल्या जमिनीचं तेच, बंद घरात पाच महिन्यांत बुरशी धरेल, आणि आठवड्याला सारवणार कोण, सासूबाई? शहाबादी टाका सरळ.

म्हणून कौलं नकोत असं नाही म्हणत. लाकडाऐवजी लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, वाळवीला खायला काही नाही, आणि वादळासाठी पत्रा हुकने सांगाड्याला आवळता येतो. नुसत्या कौलाइतका गारवा नाही मिळत पण पत्रा आणि कौलांमध्ये हवेला वाट ठेवली, आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्याला, फट ठेवली तर स्लॅबपेक्षा खूप बरं.

रानवाटा
कौलांखाली पत्रा म्हणजे कौलांचा नुसता शो. लोखंड निसर्गाला धरून कधीपासून झालं?

अनघड
जंगलातला साग तोडण्यापेक्षा बरं.

केरळात_शिकलेली
स्लॅब टाकायचाच ठरला तर फिलर स्लॅब विचारा. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात भरपूर केले. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार घेत नाही, तिथे सळयांच्या चौकटीत जुनी कौलं बसवतात, काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं आणि खालून कौलांचं छत दिसतं. सळईचं गणित मात्र इंजिनियरकडूनच करून घ्या.

दापोलीकर_०७
आणि करणारा गवंडी तिकडूनच आणायचा का? इकडे फिलर म्हटलं की रंगाच्या दुकानात पाठवतात.

अनघड
अजून दोन. एक, पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, चिरा पाणी पितो. पडवी कुठल्या बाजूला घेतलीय? पश्चिम-दक्षिणेला नसेल तर छप्पर तिकडे निदान तीन-चार फूट बाहेर काढा, नाहीतर कुठल्याही छपराखाली भिंती ओल्या. आणि चिरा लावताना हातोडी मारून बघा, खणखणीत वाजेल तो बाहेरच्या भिंतीला, मातकट आतल्या.

दोन, पाणी. हजार चौरस फूट छप्पर आणि ३००० मिमी पाऊस म्हणजे वाया जाणारं वजा करूनही दोन लाख लिटरच्या वर. टंचाईचे तीन महिने, चार माणसं, माणशी रोज १०० लिटर धरले तर ३६ हजार लागतात. म्हणजे पाऊस उदंड आहे, टाकीचा खर्च तेवढा बघायचा. पहिले एकदोन पाऊस टाकीत घेऊ नका, कौलांवर माकडांची कृपा असते.

कुडाळची_बाय
बघलास? माकडां इलीच शेवटी.

मुक्ता_पुणे
पडवी पूर्वेला घेतलीय, रस्ता तिकडे म्हणून 😐 पश्चिमेला छप्पर वाढवायला सांगते. काँट्रॅक्टरला पाइप अधिक पत्रा अधिक कौलं असं कोटेशन मागितलंय, तो म्हणाला स्लॅबपेक्षा फार फरक पडणार नाही, मग आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलं नाहीत. नवरा फक्त गच्चीवरचा यांची पोस्ट वाचतोय. पावसात कोणी महिन्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून ठेवेल का ते वाडीत विचारायचंय, पैसे देऊन.

अनघड
पैसे द्याच. आणि चावी एकाच घरात नको, दोघांकडे ठेवा.

खरेदीदार_नवा
चिरा काय भावाने पडला? गाडीभाड्यासकट? आणि तिकडे गुंठ्याला काय रेट चाललाय, बाहेरच्या माणसाला मिळेल का?

सह्याद्री_६५
शेतकरी दाखला आहे का?

खरेदीदार_नवा
तो कुठे मिळतो?

सह्याद्री_६५
वेगळा धागा काढा.