बर्लिंग्टन, आयोवा: चिपवाले नॉइस आणि नायलॉनवाले करोदर्स एकाच गावचे?

अटकमटक:
लेकीला आयोवा सिटीला युनिव्हर्सिटीत सोडायला ऑगस्टमध्ये जातोय. एक दिवस हाताशी मोकळा आहे. आमच्या अहोंनी (इलेक्ट्रॉनिक्सवाले, रिटायर्ड) शोधून काढलंय की इंटेलचे रॉबर्ट नॉइस तिथून दीडेक तासावरच्या बर्लिंग्टनला जन्मले. नायलॉन शोधणारे वॉलेस करोदर्सही तिथलेच म्हणे. मिसिसिपीकाठचं पंचवीसेक हजार वस्तीचं गाव आणि एवढी मोठी माणसं? जाऊन बघण्यासारखं काही आहे का?

नदीकाठची:
जन्म तिथलाच, दोघांचाही. पण त्यांच्यासाठी जाऊ नका.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं बर्लिंग्टनला होतो, म्हणून हक्काने सांगते. नॉइस १९२७ च्या डिसेंबरात जन्मले. वडील धर्मोपदेशक, आज या गावी तर उद्या त्या, त्यामुळे मुलगा वाढला आयोवातल्याच ग्रिनेल गावी. ट्रान्झिस्टर पहिल्यांदा पाहिला तोही तिथल्याच कॉलेजात, ग्रँट गेल नावाच्या प्राध्यापकांमुळे. तिथेच एका पार्टीसाठी शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं आणि एका सत्रासाठी कॉलेजबाहेर काढले गेले! अहोंना ग्रिनेलला न्या, ते जास्त रमतील.

करोदर्स १८९६ चे. तेही लहानपणीच डे मॉइनला गेले. ड्यूपाँट या रसायन कंपनीत १९३५ साली नायलॉन तयार केलं आणि १९३७ मध्ये, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, नैराश्यात स्वतःचं आयुष्य संपवलं. नायलॉनचे मोजे दुकानात आले १९४० ला. मला तर त्यांचं नाव काढलं की अजून गलबलतं.

आता ज्याच्यासाठी जायचं तो माणूस सांगते: आल्डो लिओपोल्ड. जन्म १८८७. अमेरिकेत वनं आणि वन्यजीव जपण्याचा विचार ज्यांनी शास्त्र म्हणून रुजवला त्यांतला हा बिनीचा. न्यू मेक्सिकोतलं 'हिला' (Gila) नावाचं जंगल १९२४ मध्ये राखीव झालं ते त्याच्याच खटपटीने. हा मात्र खरोखर त्या गावाने घडवलेला. घर जर्मन बोलणारं, वडिलांचा टेबलं बनवायचा कारखाना, आणि घर अगदी कड्यावर, खाली मिसिसिपी. वडील शिकारी, पण कायदा यायच्या आधीच किती पक्षी मारायचे यावर त्यांनी स्वतःच मर्यादा घालून घेतली होती. पोरगा त्यांच्याबरोबर पलीकडच्या इलिनॉयच्या पाणथळीत बदकांमागे हिंडायचा. सगळं पुढचं तिथूनच आलंय असं माझं मत. प्रॉस्पेक्ट हिलवर क्ले स्ट्रीटला ती घरं अजून उभी आहेत. शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवताना १९४८ साली तो विस्कॉन्सिनमध्ये वारला, पण दफन इथेच, ॲस्पेन ग्रोव्ह दफनभूमीत.

पीएन_जंक्शन:
अहोंसाठी पुरवणी: आयसीचे, म्हणजे चिपचे, दुसरे जनक जॅक किल्बी जेफरसन सिटीचे, म्हणजे मिसूरी नदीकाठचे. दोन्ही बाप नदीकाठी जन्मले आणि दोघेही वाढले भलतीकडेच. किल्बींना २००० मध्ये नोबेल मिळालं. नॉइस १९९० लाच गेले होते.

गुळपोळी:
मार्क ट्वेनही त्याच पट्ट्यातला ना?

नदीकाठची:
हो, पण त्याचा किस्सा उलटा. मिसूरीतलं हॅनिबल गाव त्याच्या नावावर चालतं, जन्म मात्र फ्लोरिडा नावाच्या मिसूरीतल्याच खेड्यातला. वाढला हॅनिबलला, आणि घाट, बोटी, गुहा सगळं तिथलंच. म्हणून हॅनिबलचा दावा मला मान्य आहे. बर्लिंग्टनवाले कर्ट वॉर्नरलाही आपला म्हणतात. तोच, रात्री किराणा दुकानात फळ्या भरणारा आणि पुढे सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत) जिंकणारा. जन्म १९७१, गाव बर्लिंग्टन, पण वाढला सीडर रॅपिड्सला! 'आय लव्ह लूसी' या टीव्ही मालिकेतला तो कुरकुऱ्या घरमालक, विल्यम फ्रॉली, तोही इथलाच, लिओपोल्डच्याच सालचा.

अटकमटक:
धन्यवाद ताई! लिओपोल्ड हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. अहो अजून नॉइसवर अडून आहेत. स्नेक ॲली बघायची का? फोटो सगळीकडे दिसतात.

नदीकाठची:
दहा मिनिटं पुरतात. टेकडीवरची वस्ती खालच्या बाजारपेठेशी जोडायला १८९४ ला बांधलेला विटांचा नागमोडी रस्ता. घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून विटा तिरक्या बसवल्यात, तेवढं वाकून बघा. आपला कुठलाही घाट उतरलेल्या माणसाला त्या वळणांचं काय कौतुक! सकाळी लवकर निघा, आधी क्ले स्ट्रीट, मग ॲस्पेन ग्रोव्ह. लिओपोल्डचं घर आतून बघायचं तर आधी विचारून ठेवा. ऑगस्टमध्ये नदीकाठी डास फार, पूर्ण बाह्यांचं काही तरी बॅगेत असू द्या.