उकळताना दिलेली सगळीच उष्णता स्थितिज ऊर्जेत जात नाही

स्थायूत रेणू घट्ट बांधलेले म्हणून त्यांची स्थितिज ऊर्जा (एकमेकांपासूनच्या अंतरामुळे आणि ओढीमुळे असलेली ऊर्जा) सर्वांत जास्त, हे म्हणणं नेमकं उलटं आहे. एकमेकांना ओढणारे रेणू दूर न्यायला ऊर्जा खर्चावी लागते, म्हणून स्थितिज ऊर्जा स्थायूत सर्वांत कमी आणि वायूत सर्वांत जास्त. रेणू पूर्ण सुटे असताना ती शून्य मानली, तर स्थायू आणि द्रवात ती ऋण येते. गोंधळ बहुधा या ऋण चिन्हामुळेच होतो.

‘तापमान स्थिर, म्हणजे सगळा अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात जाणारी उष्णता) स्थितिज ऊर्जेत गेला’ हेही उकळण्याच्या बाबतीत पुरतं खरं नाही. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली १०० अंश सेल्सिअसच्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात. पण जेमतेम एक लिटर पाण्याची जवळजवळ १६७० लिटर वाफ होते, आणि तेवढी हवा बाजूला सारण्यातच १७० किलोज्यूल खर्ची पडतात. उरलेले २०८७ रेणूंची ओढ तोडण्याचे. बर्फ वितळताना (किलोमागे ३३४ किलोज्यूल) हवा सारण्याचा हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही. तिथे आकारमान उलट थोडं कमीच होतं!