मदत हवी आहे: जिल्हा परिषद शाळेत व्हीलचेअरसाठी उतार कसा बसवावा?

सहावीत सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेली विद्यार्थिनी आहे. व्हरांडा जमिनीपासून ४५ सेंमी उंच. सध्याचा उतार फक्त २ मीटर लांब, म्हणजे साधारण १:४.४. चढताना खुर्चीची पुढची चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते, ढकलायला दोन माणसं लागतात. कागदावर मात्र 'रॅम्प आहे', म्हणून पुन्हा मागणी केली की तेच उत्तर मिळतं!

१:१२ (दर १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी) धरलं तर ५४० सेंमी लांबी हवी. व्हरांड्यापासून कुंपणाची भिंत ३६० सेंमीवर, त्यामुळे सरळ समोर बसत नाही. व्हरांड्याला समांतर ६०० सेंमी मोकळे आहेत. विचार असा: २७०चे दोन टप्पे शेजारी-शेजारी, वळणावर आणि वर १५० सेंमीची सपाट जागा. प्रत्येक टप्पा १२० रुंद. मग कुंपणाकडे जेमतेम १२० सेंमी वाट उरते, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं तिथूनच पळतात.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी सांगा:
वळणावर १५० पुरतात का, की ढकलणाऱ्यालाही उभं राहायला जागा धरावी? कठडा दोन उंचींवर, ७० आणि ९० सेंमीला, लावू का? पृष्ठभागाला झाडू फिरवलेलं काँक्रीट पावसाळ्यात टिकतं का? गुळगुळीत फरशी नकोच, ती ओली झाली की चाक घसरतं.

शिवाय गटसाधन केंद्राच्या (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांचा शेरा अंदाजपत्रकाला जोडला तर अभियंता मापं बदलत नाही, असा कुणाचा अनुभव? काम सुट्टीतच व्हायला हवं.