मदत हवी आहे : मोठ्या मावशीसाठी (जळगाव-धुळे भाग)

ॲडमिनमार्फत, नाव न देता लिहितोय. मावशी साठीच्या पुढची, विधवा. एचआयव्हीसह जगते. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) सुरू होऊन बरीच वर्षं झाली, गोळी चुकवत नाही, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे. तब्येतीची चिंता नाही, बीपी-शुगर सोडलं तर. काळजी आहे ती एकटेपणाची. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया बिबडे (ज्वारीचे पापड) करायला जमतात, ही दार लावून घेते. कानबाईच्या सणातल्या रोटांच्या जेवणालाही दोन वर्षं आली नाही. "मना हातनं कोन खाई?" म्हणते. जेवणातून एचआयव्ही पसरत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण गल्लीला कोण सांगणार?

पूर्वी दर महिन्याला एआरटी सेंटरवर गोळ्या घ्यायला गेली की ओळखीच्या दोघी-तिघी भेटायच्या. आता एकदम तीन महिन्यांच्या मिळतात. सोय झाली, पण त्या गप्पा गेल्या. हल्ली झोप नाही, जेवण कमी झालंय.

आपल्या भागात एचआयव्हीसह जगणाऱ्या वयस्क बायांचा गट कुठे भरतो का? १४४१६ या टेलिमानसवर (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) कुणी मराठीत बोललंय का, अनुभव कसा? १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन माहीत आहे, पण तिला फोनपेक्षा समोरासमोर बसणारं माणूस हवंय.

तिच्या परवानगीशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही तेच म्हणतो. म्हणून गाव विचारू नका. माहिती असेल तर ॲडमिनला मेसेज करा.