मेनोपॉजसाठी हार्मोन थेरपी: गोळी, जेल की काहीच नको? सल्ला हवा आहे

तळ्याकाठची
वय ४९, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी. शेवटची पाळी येऊन सव्वा वर्ष झालं. अंगातून वाफा दिवसाही येतात, पण खरा छळ रात्रीचा. पहाटे अडीच-तीनला गाऊन मानेपासून भिजलेला, पंखा पाचवर, एसी अठरावर आणि शेजारी नवरा दोन चादरींत गुरफटून कुडकुडतोय. त्यानंतर झोप नाहीच. सकाळी काउंटरवर समोरच्याने सांगितलेली रक्कम लिहीपर्यंत डोक्यातून गेलेली असते.

गायनॅककडे जाऊन आले. त्यांनी हार्मोन थेरपीचा विषय काढला, इस्ट्रोजेनची गोळी किंवा जेल असे दोन पर्याय सांगितले आणि म्हणाल्या, विचार करून या. घरी सांगितलं तर वन्सं म्हणाल्या, "हार्मोन म्हणजे कॅन्सरला आवतण." सख्ख्या मावशीला ६८व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे मलाही धसका आहेच. बाकी गर्भपिशवी जागेवर आहे, बीपीची एक गोळी चालू आहे आणि बीपी आटोक्यात आहे, शुगर नाही. अर्धशिशी मात्र कॉलेजपासून आहे.

कोणी घेतलंय का? जेल बरं की गोळी? सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच का? आणि कृपया व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत, ते आमच्या घरच्या ग्रुपवर ढिगाने आहेत.

कोकमकढी
अगं, हे सगळं मी लिहिलंय की काय असं वाटलं. मी जेलवर आहे. सकाळी आंघोळ झाली की अंग नीट पुसून मांडीच्या आतल्या बाजूला किंवा दंडावर पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही. छातीवर अजिबात लावायचं नाही. पाचेक मिनिटांत वाळतं, मग साडी-ड्रेस काय ते घाल. हात लगेच साबणाने धुवायचे. घरात लहान मूल असेल तर लावलेल्या जागेचा त्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आतल्या कागदावर वाचलं.

प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रात्री. ती अगदी गादीवर पडतानाच घे. एकदा जेवण झाल्या झाल्या घेतली आणि ओटा आवरता आवरता अशी पेंग आली की दूध फ्रिजबाहेरच राहिलं.

वाफा पहिल्या महिन्यातच उतरल्या. सुरुवातीला छाती दुखरी झाली, थोडं अंगावरून गेलं. नंतर थांबलं.

वाटसरू
निसर्गाने दिलेली अवस्था आहे, तिला आजार का ठरवायचं? आमच्या आजीने कुठे हार्मोन घेतले होते? शतावरी, सोयाबीन, प्राणायाम. बाकी सगळा फार्मा कंपन्यांचा खेळ.

कोकमकढी
@वाटसरू, आजीला रात्री झोप लागते का, असं कधी कोणी विचारलं होतं का? आमची आजी पहाटे तीनला उठून दळण दळायची म्हणून तिचं कौतुक व्हायचं. आता मला वेगळाच संशय येतो.

गायनॅक_नागपूर
थोडं सविस्तर लिहिते. तुम्हाला न तपासता प्रिस्क्रिप्शन देता येणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी बोलताना कामी येईल.

कॅन्सरची भीती बरीचशी २००२ सालची आहे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात दोन हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या गटाची चाचणी त्या वर्षी मध्येच थांबवली आणि जगभर बायकांनी एका रात्रीत औषधं बंद केली. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. औषध होतं घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, दोन्ही तोंडावाटे. त्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला, दर १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि नुसतं इस्ट्रोजेन चालू होतं त्यांच्यात तो वाढला नाही, मात्र पक्षाघात वाढला.

धोका शून्य आहे असं कोणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पाश्चात्त्य देशांतले अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोज प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा तसंच काम करणारं औषध) घेतलं तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एक ब्रेस्ट कॅन्सर जास्त. प्रोजेस्टोजेन महिन्यातले ठरावीक दिवसच घेतलं तर ७० मागे एक, नुसत्या इस्ट्रोजेनला २०० मागे एक. आपल्याकडे मुळातलं प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. वर कोकमकढी यांनी लिहिलेली कॅप्सूल, म्हणजे मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन, या बाबतीत जुन्या कृत्रिम औषधांपेक्षा सौम्य दिसते, असं फ्रान्समधल्या निरीक्षणांत आढळलं आहे.

गोळी की जेल? गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका वाढतो. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन हा वळसा टाळतं, नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढलेला दिसत नाही. तुम्हाला बीपी आणि अर्धशिशी दोन्ही आहे, मी तुमच्या जागी गोळीचा विचारच केला नसता. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा किंवा चमकणारे ठिपके येतात का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पिशवी आहे तर प्रोजेस्टेरॉन लागतंच, यात तडजोड नाही. एकट्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. कॅप्सूलने झोप येते म्हणून ती सोडून नुसतं जेल लावत राहिलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा खरंच काळजी वाटते.

एका मावशीला उतारवयात झालेला कॅन्सर एवढ्यावरून थेरपी नाकारली जात नाही. जवळच्या नात्यात दोघी-तिघी असत्या, कोणाला चाळिशीच्या आत झाला असता किंवा अंडाशयाचा कॅन्सर असता, तर आधी जनुकीय सल्ला घ्या म्हटलं असतं. ज्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालाय, गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट ॲटॅक होऊन गेलाय, यकृताचा आजार सक्रिय आहे किंवा अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नाही, त्यांना ही थेरपी सहसा देत नाहीत.

आधी मॅमोग्राफी, बीपी, लिपिड आणि पिशवीची सोनोग्राफी करून घ्या. एफएसएच या हार्मोनच्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका, पंचेचाळिशीनंतर पाळी वर्षभर आली नाही एवढं पुरेसं असतं. आणि हसू नका, पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. जेलने गर्भ राहायचा थांबत नाही.

@वाटसरू, प्राणायाम जरूर करा. सोयाने काहींना थोडा फरक पडतो. पण अंथरूण भिजेपर्यंत घाम येणाऱ्या बाईला तेवढ्यावर थांबवणं बरोबर नाही.

तळ्याकाठची
डॉक्टर, प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलंय. नागमोडी रेषा कधी दिसल्या नाहीत, नुसतं अर्धं डोकं ठणकतं. गर्भनिरोधनाचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो अजून पेपरमागे आहे.

बार्शीवाली
माझी पिशवी ३६व्या वर्षी काढली, अंडाशयांसकट. अंगावरून फार जायचं. डॉक्टर म्हणाले, दोन मुलं झालीत, आता ठेवून काय करता, उद्या कॅन्सर व्हायचा. पाळी जाणार एवढंच कळलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात अंगाची आग सुरू झाली. पुढे हाडं ठिसूळ होतील, हृदयावर परिणाम होईल, हे कोणी बोललं नाही. पुण्याच्या डॉक्टर बाईंनी पुष्कळ उशिरा इस्ट्रोजेन सुरू केलं. पिशवी नाही म्हणून सोबत दुसरं काही लागत नाही.

इथे पन्नाशीच्या मैत्रिणी घ्यावं की नको याचा विचार करतायत, तो करायलाच हवा. पण आमच्यासारख्यांचा हिशेब वेगळा आहे. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये इतकं गाजलं, सरकारने समिती नेमली. ऑपरेशनं किती झाली ते सगळे मोजत होते. त्यानंतर त्यांच्या हाडांचं काय झालं, हे विचारायला कोण गेलं?

गायनॅक_नागपूर
@बार्शीवाली, अगदी खरं. चाळिशीच्या आत अंडाशय गेले किंवा आपोआप बंद पडले, तर दुसरी अडचण नसल्यास निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायलाच हवेत. शरीरात जे असायला हवं होतं तेच भरून काढतोय आपण. २००२ च्या अभ्यासाची भीती या वयाच्या बाईला लावणं चूक आहे. तुमची डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, झाली नसेल तर करून घ्या.

रेडिंगकर
इंग्लंडमधून. इथे मला पॅच दिलाय, आठवड्यातून दोनदा बदलायचा, कमरेखाली लावते. एप्रिल २०२३ पासून इथे एचआरटीसाठी, म्हणजे या हार्मोन औषधांसाठी, वर्षाचा एकच पास निघतो, त्यामुळे खिशाला फार चाट बसत नाही. पॅचचा एकच ताप: मे महिन्यात पुण्याला आले आणि घामाने कडा सुटायला लागल्या. एक तर लक्ष्मी रोडवर खरेदी करताना कुठेतरी पडून गेला! आपल्या उन्हाळ्यात जेलच बरं.

अमेरिकेतली बहीण सांगते, तिकडे एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. ती लगेच "बघ, सगळं खोटं होतं" म्हणाली. मला ते दुसरं टोक वाटतं.

खडीसाखर
मला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. हार्मोनचा दरवाजा बंद आणि टॅमॉक्सिफेनने वाफा अजून जोरात. माझ्या ऑन्कोलॉजिस्टनी व्हेनलाफॅक्सिनची लहान मात्रा दिली. ते मुळात डिप्रेशनचं औषध, म्हणून मेडिकलवाला माझ्याकडे सहानुभूतीने बघतो. वाफा पूर्ण गेल्या नाहीत, पण झोप लागते. पॅरोक्सेटिन हे त्याच कामाला वापरतात, पण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी ते टाळायचं, टॅमॉक्सिफेनचा असर कमी होतो.

नाव_नको
नवीन आयडी काढून विचारतेय. वाफा वगैरे नाहीत. पण खाली कोरडेपणा इतका की नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, आणि सारखं लघवीचं इन्फेक्शन. अँटिबायोटिकचे कोर्स संपत नाहीत. यासाठी पण जेल लावायचं का?

गायनॅक_नागपूर
@नाव_नको, नाही, अंगाला लावायचं जेल वेगळं. तुम्हाला योनीमार्गात लावायचं इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम लागेल. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात अगदी नगण्य जातं, त्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. पुन्हा पुन्हा होणारं इन्फेक्शनही यानेच कमी होतं. हा त्रास आपोआप बरा होत नाही, वाढत जातो, तेव्हा लाजून बसू नका. एकदा तपासून मात्र घ्या.

तळ्याकाठची
अपडेट: मॅमोग्राफी नॉर्मल. सोनोग्राफीत अस्तर ३.५ मिमी, बाई म्हणाल्या छान आहे. जेल आणि रात्रीची कॅप्सूल सुरू केलीय. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. वन्संना सांगितलेलं नाही, पण परवा त्याच हळूच विचारत होत्या, "ते कुठं लावतात गं?"

दोन दिवस थोडे डाग दिसले. चालेल ना?

गायनॅक_नागपूर
पहिले तीन ते सहा महिने थोडंफार चालतं. जास्त जायला लागलं, किंवा थांबून काही महिन्यांनी परत सुरू झालं, तर तारखेची वाट न बघता दाखवा.

तिसरी_घंटा
उशिरा विचारतेय. वय ६३, पाळी जाऊन तेरा वर्षं झाली. वाफा नाहीत. हाडांसाठी मी आता जेल सुरू करू का? मैत्रिणीला खूप फायदा झाला.

गायनॅक_नागपूर
ताई, तुमची मैत्रीण बहुधा पाळी गेल्या गेल्या सुरू करणारी असेल. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर फायद्याचं पारडं जड. त्यानंतर नव्याने सुरू केलं तर हृदय आणि मेंदूचा धोका वाढतो, नुसत्या हाडांसाठी तो घेऊ नये. आधी डेक्सा करा. त्यातला टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडांची वेगळी औषधं आहेत. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. रिपोर्ट आला की इथे टाका.